शॉन ओ'केसी : राष्ट्र, कष्टकऱ्याचे घर आणि बंडखोरीचा प्रश्न

प्रास्ताविक

आयरिश नाटक म्हटले की आपल्याकडील इंग्रजी साहित्याच्या वर्गात यीट्स, सिंज, शॉ आणि बेकेट ही नावे प्रथम घेतली जातात. शॉन ओ'केसी (१८८०–१९६४) याचे नाव त्यानंतर येते, आणि येते तेही बहुधा 'डब्लिनच्या गरीब वस्तीचे वास्तववादी चित्रण करणारा नाटककार' अशा एका ओळीच्या परिचयातून. ही ओळ चुकीची नाही, पण तिच्यामुळे या लेखकाची धार बोथट होते. 'जूनो अँड द पेकॉक' किंवा 'द प्लाऊ अँड द स्टार्स' ही नाटके वर्गात शिकवताना विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. ज्या देशाने शतकानुशतके परकीय सत्तेशी झुंज दिली, त्या देशाचा नाटककार त्याच लढ्यातील वीरांना इतके लहान करून का दाखवतो? अशा लेखकास देशद्रोही का म्हणू नये?

हा प्रश्न भाबडा म्हणून बाजूला सारणे शिक्षकास सोपे असते. परंतु तोच प्रश्न १९२६ साली डब्लिनच्या नाट्यगृहात विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांमध्ये उठावात आपली माणसे गमावलेल्या स्त्रिया होत्या. त्यामुळे त्याचे उत्तर गांभीर्याने शोधणे आवश्यक ठरते. ओ'केसीची बंडखोरी राष्ट्राविरुद्ध नव्हती. राष्ट्राच्या नावाने जो जमाखर्च मांडला जातो त्यात कष्टकऱ्याच्या घरातून गेलेली किंमत कोठेच नोंदली जात नाही, याविरुद्ध ती होती, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. त्याचबरोबर या बंडखोरीला काही ठळक मर्यादाही आहेत, आणि त्या त्याच्या गौरवाच्या भरात झाकल्या जाऊ नयेत, असेही येथे सुचवावयाचे आहे.

जडणघडण : दंतकथा आणि वस्तुस्थिती

ओ'केसीचा जन्म ३० मार्च १८८० रोजी डब्लिन येथे जॉन केसी या नावाने झाला. कुटुंब प्रॉटेस्टंट होते. वडील मायकेल केसी हे एका प्रॉटेस्टंट धर्मप्रसारक संस्थेत कारकून होते. १८८६ साली ते वारले आणि घराची घडी विस्कटली. बालपणीच जडलेल्या डोळ्यांच्या विकारामुळे त्याचे शालेय शिक्षण तुटक झाले आणि क्षीण दृष्टी त्याला जन्मभर पुरली. वाचन त्याने बव्हंशी स्वतःच्या बळावर केले. पुढे तो मजूर झाला. सुमारे नऊ वर्षे त्याने ग्रेट नॉर्दर्न रेल्वेत अंगमेहनतीचे काम केले.

त्याच्या आत्मचरित्राच्या सहा खंडांतून (१९३९–१९५४) डब्लिनच्या झोपडवजा खोल्यांत वाढलेल्या मुलाचे जे चित्र उभे राहते ते चरित्रकारांनी पुढे तपासून पाहिले आहे. क्रिस्टोफर मरे यांच्या २००४ सालच्या चरित्रावरूनही दिसते की केसी कुटुंब आरंभी खालच्या मध्यमवर्गात मोडत होते. ज्या पडक्या वाड्यांचे चित्रण नाटकांत येते, त्यांतील एका वाड्यात, माउंटजॉय स्क्वेअर येथे, तो स्वतः १९२० च्या सुमारास थोडाच काळ राहिला. म्हणून त्याचे अनुभवविश्व बनावट ठरते काय? तसे वाटत नाही. उतरती कळा लागलेल्या घरातील मुलास गरिबी ही जन्मसिद्ध स्थिती वाटत नाही. ती आपल्यावर लादली गेली आहे याचे भान त्याला सतत असते. बहुसंख्य कॅथॉलिक मजुरांत वावरणारा प्रॉटेस्टंट आणि सुशिक्षित राष्ट्रवाद्यांत वावरणारा मजूर, अशा दुहेरी परकेपणातून त्याची दृष्टी घडली.

तरुणपणी तो निष्ठावंत राष्ट्रवादी होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी लागते. गेलिक लीगमध्ये शिरून तो आयरिश भाषा शिकला आणि त्याने आपले नाव शॉन ओ कहासी असे आयरिश वळणाचे केले. सशस्त्र क्रांतीची शपथ घेतलेल्या आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुडचाही तो सभासद होता. ज्या स्वप्नाची त्याने पुढे चिरफाड केली ते स्वप्न त्याने आधी स्वतः पाहिले होते.

काळ : १९१३ ते १९२३

ओ'केसीच्या विचारांना निर्णायक वळण दिले ते १९१३ च्या टाळेबंदीने. त्या वेळच्या डब्लिनमध्ये उमरावांनी सोडून दिलेले जुने वाडे खोलीखोलीने भाड्याने दिले जात, आणि सुमारे २०,००० कुटुंबे एकेका खोलीत संसार करीत. २ सप्टेंबर १९१३ रोजी चर्च स्ट्रीटवरील अशी घरे कोसळून सात माणसे मृत्युमुखी पडली. याच सुमारास जिम लार्किनच्या कामगार संघटनेविरुद्ध ट्रामकंपनीचा मालक विल्यम मार्टिन मर्फी याच्या नेतृत्वाखाली मालकवर्ग एकत्र आला आणि सुमारे २०,००० कामगारांना कामाबाहेर ठेवण्यात आले. लक्षात घेण्याची बाब अशी की मर्फी इंग्रज नव्हता. तो आयरिश, कॅथॉलिक आणि राष्ट्रवादी विचारांचा होता. पोलिसांची लाठी आणि स्वकीय मालकाची भूकनीती एकाच बाजूस उभी राहिलेली ओ'केसीने पाहिली. संपकऱ्यांच्या रक्षणासाठी नोव्हेंबर १९१३ मध्ये आयरिश सिटिझन आर्मी स्थापन झाली. १९१४ साली ओ'केसी तिचा चिटणीस झाला आणि तिची घटना तयार करण्यात त्याचा मोठा वाटा होता.

त्याच वर्षी त्याने हे पद सोडले. काउंटेस मार्किएव्हिच ही कामगारांच्या या सेनेत असतानाच राष्ट्रवादी स्वयंसेवक दलाशीही संबंध ठेवून होती. तिने दोहोंपैकी एक निवडावे, असा त्याचा आग्रह होता, आणि तो मान्य झाला नाही. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या वादात पुढील सर्व नाटकांचे बीज आहे. कामगारांच्या चळवळीने राष्ट्रीय चळवळीत विलीन व्हावे काय, आणि झाल्यास स्वातंत्र्यानंतर कामगारांच्या हाती काय उरेल, हा तो प्रश्न होता. जेम्स कॉनोलीने विलीनीकरणाचा मार्ग स्वीकारला. २४ एप्रिल १९१६ रोजी सुरू झालेल्या ईस्टर उठावात तो सिटिझन आर्मीसह उतरला आणि १२ मे रोजी त्यास गोळ्या घालण्यात आल्या. ओ'केसी उठावात सहभागी झाला नाही. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या सिटिझन आर्मीच्या इतिहासात त्याने कॉनोलीच्या या निर्णयाविषयीची नाराजी लपवली नाही.

यानंतर स्वातंत्र्ययुद्ध, डिसेंबर १९२१ चा तह, आणि जून १९२२ ते मे १९२३ या काळातील यादवी अशा घटना वेगाने घडल्या. कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेली माणसे एकमेकांच्या जिवावर उठली. ओ'केसीची गाजलेली तीन नाटके या राखेतून निर्माण झाली आहेत.

तीन नाटके : अंगणातील युद्ध

आधीची नाटके नाकारली गेल्यानंतर अॅबी थिएटरने १२ एप्रिल १९२३ रोजी 'द शॅडो ऑफ अ गनमन' रंगभूमीवर आणले. त्या वेळी ओ'केसीचे वय ४३ होते आणि तो अजून मजुरीच करीत होता. १९२० सालातील डब्लिनमध्ये डोनल डेव्होरन नावाच्या कवीस शेजारीपाजारी फरारी क्रांतिकारक समजतात. मिनी पॉवेल या तरुणीच्या डोळ्यांतील कौतुक सुखावह वाटल्याने तो हा गैरसमज दूर करीत नाही. छाप्याच्या वेळी खोलीतील बॉम्बची पिशवी मिनी आपल्या खोलीत नेते आणि त्यातच तिचा अंत होतो. शब्दांचा धनी जिवंत राहतो आणि त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवणारी मरते. ओ'केसीच्या पुढील नाटकांतही ही रचना पुन्हा भेटते.

३ मार्च १९२४ रोजी आलेल्या 'जूनो अँड द पेकॉक' मध्ये यादवीचा काळ आहे. बॉइल कुटुंबातील मुलगा जॉनी उठावात जायबंदी झाला आहे आणि यादवीत त्याने हात गमावला आहे. पण त्याने शेजारच्या टॅनक्रेडला पकडून दिले आहे, आणि त्याची शिक्षा त्यास शेवटी भोगावी लागते. बाप कॅप्टन बॉइल कामाचे नाव निघताच पाय दुखत असल्याची तक्रार करतो आणि जॉक्सरसोबत गुत्ता गाठतो. वारसाहक्काच्या पैशाचे मृगजळ विरते, मुलगी मेरी फसवली जाते. या सर्व पडझडीत जूनो उभी राहते. शेजारणीचा मुलगा मेला तेव्हा आपण तिच्या दुःखात पुरेसे सहभागी झालो नाही, ही जाणीव तिला स्वतःचा मुलगा गेल्यावर होते. नाटकातील नैतिक उंची या क्षणी गाठली जाते, कारण येथे दुःखास पक्ष उरत नाही. मात्र नाटक तेथे संपत नाही. ओस पडलेल्या खोलीत बॉइल आणि जॉक्सर दारूच्या नशेत देशभक्तीच्या गप्पा मारीत परततात. प्रेक्षकाचे हसू आणि शोक एकाच वेळी घशाशी येतात. या नाटकास 'शोकसुखात्मिका' म्हणून सोडून देणे अपुरे आहे; त्यातील हास्य हे पोकळ शब्दांविरुद्ध दिलेली साक्ष आहे.

८ फेब्रुवारी १९२६ रोजी 'द प्लाऊ अँड द स्टार्स' सादर झाले. नांगर आणि तारे हे सिटिझन आर्मीच्या ध्वजावरील चिन्ह होय. दुसऱ्या अंकात एक गुत्ता आहे. आत रोझी रेडमंड ही वेश्या धंदा मंदावल्याची तक्रार करीत आहे आणि बाहेर सभेत एक वक्ता रक्तपाताचे पावित्र्य सांगत आहे. वक्त्याची केवळ आकृती खिडकीत दिसते; त्याचे शब्द पॅट्रिक पिअर्स याच्या लेखन-भाषणांतून घेतलेले आहेत. या शब्दांनी भारावलेले जवान ध्वज घेऊन गुत्त्यात शिरतात. पुढे उठाव पेटतो. नोरा क्लिथरोचा पती मारला जातो, तिचे मूल मृत जन्मते आणि तिच्या मनाचा तोल जातो. मोल्सर ही मुलगी क्षयाने मरते. तिच्या मृत्यूस कोणतीही बंदूक लागत नाही. नोराला खिडकीपासून ओढताना गोळी लागून मरते ती बेसी बर्जेस. ही प्रॉटेस्टंट, ब्रिटिश राजनिष्ठ, तोंडाळ आणि दारूबाज स्त्री आहे. वस्तीतील सर्वांत नावडत्या व्यक्तीच्या वाट्यास नाटककाराने सर्वांत मोठे बलिदान दिले आहे.

उठावातील मृतांची अलीकडे झालेली मोजणी येथे आठवते. सुमारे ४८५ मृतांपैकी निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. इतिहासलेखनाने ही बाब ठळकपणे मांडण्यापूर्वी अनेक दशके ओ'केसीने ती रंगमंचावर आणली होती.

फेब्रुवारी १९२६ : दोन सत्यांची टक्कर

११ फेब्रुवारी रोजी प्रयोग चालू असताना नाट्यगृहात प्रचंड गोंधळ झाला आणि काही निदर्शक रंगमंचावर चढले. यीट्सने रंगमंचावरून प्रेक्षकांची कानउघाडणी केली आणि १९०७ साली सिंजच्या नाटकावेळी झालेल्या दंगलीची आठवण करून दिली. साहित्याच्या इतिहासात हा प्रसंग प्रतिभा विरुद्ध झुंडशाही असा नोंदला गेला आहे. ही मांडणी अर्धवट आहे.

विरोधाचे नेतृत्व करणाऱ्या हॅना शीही-स्केफिंग्टन या विदुषी, स्त्रीमताधिकाराच्या लढ्यातील अग्रणी होत्या. त्यांचे पती फ्रान्सिस हे शांततावादी होते आणि १९१६ च्या उठावाच्या आठवड्यात एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमाने त्यांना विनाचौकशी गोळ्या घालण्यात आल्या होत्या. विशेष म्हणजे सिटिझन आर्मीच्या इतिहासात ओ'केसीने याच फ्रान्सिस यांचा आयरिश समाजवादाचा हुतात्मा म्हणून गौरव केला होता. हॅना यांचा आक्षेप वास्तव दाखवण्यास नव्हता. अॅबीस १९२५ पासून शासकीय अनुदान मिळू लागले होते. राष्ट्राच्या पैशावर चालणाऱ्या नाट्यगृहाने उठावाची केवळ हिणकस बाजू दाखवावी काय, असा त्यांचा सवाल होता. मार्चमध्ये झालेल्या जाहीर वादात ओ'केसी आणि त्या समोरासमोर आले.

या वादात दोन्ही बाजूंकडे सत्य होते, असे मानावे लागते. ज्यांच्या घरातील माणसे जाऊन दहा वर्षेच झाली होती त्यांना दुःखाची थट्टा झाल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते. ओ'केसीचे म्हणणे असे की मोल्सर आणि बेसी यांच्या घरातीलही माणसे गेली होती, आणि त्यांच्यासाठी कोणी मिरवणूक काढली नव्हती. स्मारक कोणाचे व्हावे याविषयीचा हा संघर्ष होता. तो पूर्णतः मिटू शकत नाही, पण नाटकाने तो उघड्यावर आणला.

समीक्षकांचे आक्षेप

ओ'केसीवरील गंभीर आक्षेप पुढे आयरिश समीक्षेतूनच आले. शेमस डीन यांनी त्याच्या नाटकांत राजकारण आणि माणुसकी यांना परस्परविरोधी ठरवण्यात आले असल्याची टीका केली. डेक्लन कायबर्ड यांनी 'इन्व्हेंटिंग आयर्लंड' (१९९५) या ग्रंथात राष्ट्रवाद्यांची बाजू या नाटकांत नीट मांडलीच जात नाही, या मुद्द्याकडे लक्ष वेधले. या आक्षेपांत तथ्य आहे. ओ'केसीच्या नाटकात एकही क्रांतिकारक असा नाही की ज्याची निष्ठा गर्व, भीती किंवा दिखावा यांवाचून उभी राहते.

परंतु प्रस्तुत लेखकास याहून मोठी उणीव जाणवते ती अन्यत्र. 'द प्लाऊ अँड द स्टार्स' हे शीर्षक कामगारांच्या ध्वजाचे आहे, तरी नाटकात कॉनोलीचा आवाज नाही. खिडकीतून येतो तो पिअर्सचा आवाज. कामगारांच्या मुक्तीची भाषा दिली आहे ती कोवी या पुस्तकी, कंजूष आणि भांडखोर तरुणास. म्हणजे ती हास्यास्पद करून टाकली आहे. जो लेखक १९१३ च्या लढ्यातून घडला, त्याच्या या तीन नाटकांत १९१३ चा संघर्ष प्रत्यक्ष येत नाही. मेरी बॉइल संपावर आहे, पण तो संप कथानकाच्या कडेला राहतो. गरिबाची सोशिकता, विनोद आणि माया यांना जागा आहे. त्याच्या संघटित कृतीला नाही. संपावर आधारलेले 'रेड रोझेस फॉर मी' हे नाटक त्याने लिहिले ते १९४० नंतर, इंग्लंडमध्ये राहून. एका बाजूने पराभूत चळवळीचे शल्य आणि दुसऱ्या बाजूने अॅबीच्या मध्यमवर्गीय प्रेक्षकास काय रुचते याची जाण, असे दोन्ही घटक या मौनामागे असावेत, असा तर्क करता येतो.

नकार आणि देशांतर

१९२६ मध्ये 'जूनो' साठी हॉथॉर्नडन पुरस्कार मिळाल्याच्या निमित्ताने ओ'केसी लंडनला गेला तो परत आयर्लंडमध्ये स्थायिक झाला नाही. १९२८ साली त्याने पहिल्या महायुद्धावरील 'द सिल्व्हर टासी' हे नाटक अॅबीकडे पाठवले. ब्रिटिश सैन्यात लढलेल्या सुमारे दोन लाख आयरिश माणसांना नव्या राष्ट्राच्या कथेत स्थान नव्हते. ओ'केसीने त्यांच्यातील एका फुटबॉलपटूस चाकाच्या खुर्चीत बसवून प्रेक्षकांसमोर आणले. दुसऱ्या अंकात त्याने वास्तववाद सोडून रणभूमीचे अभिव्यक्तिवादी चित्र उभे केले. दोन वर्षांपूर्वी त्याचा बचाव करणाऱ्या यीट्सनेच हे नाटक नाकारले. लेखकाला या विषयात खरा रस नाही, असे कारण त्याने दिले. ओ'केसीने हा पत्रव्यवहार वृत्तपत्रात प्रसिद्ध केला. १९२९ मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये नाटक झाले. अॅबीने ते १९३५ साली केले. या नकाराने ओ'केसीचे स्वतःचे नाट्यगृह, नट आणि बोली ऐकणारा प्रेक्षक हिरावला गेला. उत्तरकालीन नाटकांतील विस्कळीतपणाची कारणे येथे शोधावी लागतात.

मायदेशाशी संघर्ष चालूच राहिला. आत्मचरित्राचा पहिला खंड १९३९ साली निघताच आयर्लंडमध्ये त्यावर बंदी आली. १९५८ च्या डब्लिन नाट्यमहोत्सवाच्या वेळी आर्चबिशप मॅक्वेड यांनी उद्घाटनाच्या प्रार्थनेस नकार दिला. या वातावरणात ओ'केसीने 'द ड्रम्स ऑफ फादर नेड' हे नाटक मागे घेतले. बेकेटनेही निषेध म्हणून आपल्या संहिता काढून घेतल्या आणि महोत्सव बारगळला. ओ'केसीने आपल्या नाटकांच्या व्यावसायिक प्रयोगांना आयर्लंडमध्ये मनाई केली. ती १९६४ पर्यंत टिकली. त्याच वर्षी १८ सप्टेंबर रोजी इंग्लंडमधील टॉर्की येथे त्याचे निधन झाले.

बंडखोरीचा अंतर्विरोध

ओ'केसीची प्रतिमा उजळताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ध्वजाच्या सावलीत माणूस चिरडला जातो हे ज्याने दाखवले, त्याने लाल ध्वजास मात्र तोच निकष लावला नाही. १९४० च्या 'द स्टार टर्न्स रेड' मध्ये चांगले आणि वाईट यांची विभागणी इतकी सरळ आहे की पात्रे घोषणा होऊन बसतात. सोव्हिएत संघावरील त्याची श्रद्धा स्टालिनच्या काळातील दडपशाही उघड झाल्यावरही अभंग राहिली. जूनोने शेजारणीच्या मुलासाठी जी उशिराची कळवळ अनुभवली, ती मॉस्कोच्या बंदिवानांसाठी तिच्या निर्मात्यास वाटल्याचे दिसत नाही. ज्या शंकेने 'प्लाऊ' लिहिले ती शंका पुढील श्रद्धेत हरवली, असे खेदाने म्हणावे लागते.

समारोप

आरंभीच्या प्रश्नाकडे परत वळू. ओ'केसीस देशद्रोही ठरवता येत नाही, कारण त्याने देशाविषयीची आपली मागणी कमी केली नाही, ती वाढवली. स्वातंत्र्य आल्यावर मोल्सरला औषध आणि जूनोला हक्काचे घर मिळणार आहे काय, असे त्याने विचारले, आणि स्वतंत्र आयर्लंडला हा प्रश्न रुचला नाही. त्याच वेळी त्याला निर्दोष द्रष्टा मानणेही योग्य नव्हे. उठावातील माणसांच्या निष्ठेस त्याने पुरता न्याय दिला नाही, स्वतःच्या वर्गाच्या संघटित लढ्यास रंगमंचावर उशिरा जागा दिली, आणि एका श्रद्धेपुढे आपली चिकित्सा म्यान केली.

वर्गात ही नाटके शिकवताना या दोन्ही बाजू विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या पाहिजेत. हॅना शीही-स्केफिंग्टन यांचा आक्षेप न ऐकवता 'प्लाऊ' शिकवणे म्हणजे अर्धेच नाटक शिकवणे होय. वीरांची यादी वाचली जात असताना त्या यादीबाहेरचे कोण गेले, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यास लागली, तर ओ'केसीचे अध्यापन सार्थकी लागले असे म्हणता येईल. आणि हीच सवय त्याने ओ'केसीच्या आवडत्या ध्वजालाही लावली, तर त्याने गुरूपेक्षा एक पाऊल पुढे टाकलेले असेल.